एकनाथराव आणि जन्माआधीच ऐतिहासिक झालेलं टेबल

एकनाथराव हंबर्डे नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या बायकोला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. तोवर गंगूबाई नल्लकुंट्यातल्या शेजारणींना "क्लबात असतेत" एवढंच सांगायच्या आणि शेजारणी पुढे काही विचारायच्या नाहीत. क्लबात असणाऱ्या नवऱ्यांबद्दल जास्त विचारू नये, एवढी सभ्यता आमच्या गल्लीत आहे. मग योगिनीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, शाळेचा फॉर्म भरायची वेळ आली.

"वडिलांचा धंदा काय लिहू?"

"मार्कर लिही."

"म्हंजे काय करायचं असतं?"

"दोन माणसं टेबलावर खेळतेत. मी बाजूला उभा राहून कुणाचे किती झाले ते मोठ्यानं सांगतो."

"त्यांना मोजता येत नाही?"

"साहेब लोक हायेत, गंगू."

"शिकलेले?"

"लई."

गंगूबाईंनी फॉर्मवर 'नोकरी' असं लिहिलं आणि विषय संपवला. पण पुढे योगिनीला बघायला मंडळी आली तेव्हा मुलाच्या काकांनी तोच प्रश्न विचारला, आणि आतून चहा घेऊन येणाऱ्या गंगूबाईंनी उत्तर दिलं, "गोट्या मोजतेत." लग्न जमलं. काका बँकेत होते. त्यांना मोजण्याचं महत्त्व माहीत होतं.

एकनाथराव नांदेडकडच्या एका खेड्यातून एकविसाव्या वर्षी हैदराबादला आले. साल पंच्याऐंशी. नारायणगुड्यातल्या मोहसिन बाग क्लबात चुलत्यानं चिकटवून दिलं. क्लबात एकच टेबल, बारा फुटी, पोटात पाच दगडी लाद्या, वर हिरवं लोकरी कापड. ते हलवायला चौदा माणसं लागतात आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवायला एकच पुरतो. एकनाथरावांचं काम असं, की रोज दुपारी चारला टेबल झाडायचं. झाडायचं म्हणजे केरसुणीनं नाही. मऊ ब्रशनं, आणि एकाच दिशेनं, खेळ सुरू होतो त्या टोकाकडून काळा बॉल ठेवतात त्या टोकाकडे. कारण कापडाला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. उलटा हात फिरवला की बॉल वाकडा जातो आणि साहेब म्हणतात टेबल खराब आहे. मग कोमट इस्त्री, तीही त्याच दिशेनं. मग क्यू पुसायचे, खडू ठेवायचा, आणि पाचला साहेब आले की गुण मोजत उभं राहायचं. भिडू नसेल तर स्वतः भिडू व्हायचं आणि बेतानं हरायचं. हरणं सोपं वाटतं. पण समोरचा इतका वाईट खेळत असताना त्याच्याकडून हरायचं तर हातात कला लागते.

या खेळाचा इतिहास त्यांना एका प्रोफेसरांनी शिकवला. हे प्रोफेसर विद्यानगरला राहायचे, युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायचे आणि क्लबात येऊन नेम चुकवायचे. प्रत्येक चुकीनंतर ते टेबलाला एक फेरी मारत आणि तेवढ्यात एक धडा होई.

"एकनाथ, हे कापड हिरवं का असतं?"

"डोळ्याला बरं म्हणून?"

"गवत आहे ते. आधी हा खेळ बाहेर हिरवळीवर खेळत. मग फ्रान्सच्या एका राजानं तो टेबलावर आणला. साडेपाचशे वर्षं झाली. कुणी म्हणतं पावसामुळं, कुणी म्हणतं राजाला वाकवत नव्हतं, पाठ दुखायची."

"आणि काठी?"

"काठीला आधी पुढं जाड डोकं होतं. बॉल कडेला चिकटला की त्या डोक्यानं मारता यायचा नाही. म्हणून लोकांनी काठी उलटी धरली आणि शेपटानं मारायला लागले. फ्रेंचमध्ये शेपटाला क्यू म्हणतात."

"म्हंजे मी रोज शेपटं पुसतोय."

"एकदम बरोबर."

बॉल हस्तिदंताचे असत. एका दातातून मोजून तीन-चार निघत. हत्ती परवडेनात तेव्हा एका अमेरिकनानं रसायनातून बॉल बनवले. पण ते जोरात आपटले की कधीकधी बार उडाल्यासारखा आवाज व्हायचा आणि गुत्त्यातली माणसं पिस्तुलं बाहेर काढायची. स्नूकरचा जन्म तर आपल्याच जबलपूरचा, १८७५ सालचा. पावसाळ्यात इंग्रज अधिकाऱ्यांना उद्योग नव्हता. त्यांनी बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवत नेले. कुणी सोपा बॉल चुकवला, तर एका तरुण अधिकाऱ्यानं त्याला 'स्नूकर' म्हटलं, म्हणजे मिलिटरी शाळेतला कच्चा नवखा. तेच नाव पडलं. पुढे उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लावले. आणि हे सगळं जगाला पक्कं कळलं कधी, तर तोच अधिकारी साठेक वर्षांनी, म्हातारपणी, पत्र लिहून सांगता झाला तेव्हा.

राजाची पाठ, हत्तीचे दात, साहेबांचा कंटाळा. इतकी सगळी उलाढाल माणूसजातीनं केली ती संध्याकाळी पाच वाजता नारायणगुड्यात दोन निवृत्त इंजिनियरांना करमावं म्हणून.

एकनाथरावांनी हे सगळं ऐकलं, आणि त्यातलं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं ते शेवटचं. म्हातारा माणूस सांगतो आणि इतिहास होतो.

शहाण्णव साली हाच धडा उपयोगी पडला. क्लबच्या तेव्हाच्या कमिटीनं ठरवलं की टेबल काढायचं. त्या जागेत रमीची सहा टेबलं बसतात. बैठक टेबलाभोवतीच झाली, कारण तीच खोली मोठी होती. अध्यक्षांनी कप टेबलाच्या लाकडी कडेवर ठेवला आणि विचारलं, "एकनाथ, ये टेबल कितना पुराना है?"

एकनाथरावांनी कप उचलला, खालचा ओला गोल बाहीनं पुसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

"साब, स्नूकर जबलपूरला निघाला आन् उटीला गेला. बरोबर?"

"हौ, सुना है."

"मधी रस्त्यात काय लागतं?"

अध्यक्ष भिंतीवर नकाशा शोधायला लागले.

"सिकंदराबादची छावणी लागती, साब. तो गोरा अधिकारी तीन दिवस मुक्कामाला होता. काळा बॉल त्यानं दख्खनमधी पहिल्यांदा ठेवला तो याच टेबलावर. माझ्या आधीचे मार्कर सांगायचे."

त्यांच्या आधीचे मार्कर मितभाषी होते. त्यांनी उभ्या आयुष्यात एकनाथरावांना फक्त इस्त्री कुठं ठेवलीय ते सांगितलं होतं. पण ते वारले होते, त्यामुळं साक्षीला अतिशय योग्य होते.

टेबल राहिलं. रमी गच्चीवर गेली. आणि गोष्ट क्लबभर फिरली. पहिल्या वर्षी ती एकनाथरावांची होती. पुढे तिला पालक वाढत गेले. एका सदस्याला आठवलं की अधिकाऱ्याचा घोडा लंगडत होता, म्हणून मुक्काम झाला. दुसऱ्याला आठवलं की घोडा पांढरा होता. तिसऱ्याचे पणजोबाच त्या घोड्याला चंदी घालत होते असं निघालं. चौथ्यानं सालही पक्कं केलं, १८८१. एकनाथराव बाजूला उभे राहून ऐकत. ते मार्कर, कुणाचे किती झाले एवढंच मोजत.

आता यंदाची गोष्ट. क्लबचे नवे सेक्रेटरी सौरभ केतकर. मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, हैदराबादेत नऊ वर्षं. त्यांना क्लबात येऊन दोन महिने झाले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे इतिहास आहे आणि तो नुसता पडून आहे.

"एकनाथराव, बसा. तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे," सौरभ म्हणाले. "आपण टेबल हेरिटेज करतोय."

"म्हंजे काय करताय?"

"भोवती दोर. मखमली. वर काच. भिंतीवर संगमरवरी पाटी, 'दक्षिणेतला पहिला स्नूकर, १८८१'. रविवारी अनावरण."

"आन् खेळायचं कसं?"

"खेळायचं नाही! तेच तर. अहो, इतक्या महत्त्वाच्या टेबलावर खेळणार कोण?"

आपल्या बोलण्यात काही विनोदी आहे असं सौरभना वाटलं नाही.

"तुमची नोकरी पक्की," ते पुढे म्हणाले. "उलट बढती. तुम्ही हेरिटेज गाइड. शेरवानी, डोक्याला फेटा. पाहुणे आले की टेबलाशेजारी उभं राहून गोष्ट सांगायची. तुमच्याइतकी ती कुणाला येत नाही."

एकनाथराव बिलियर्ड्सच्या खोलीत आले. तिथं पल्लवी नावाची एक मुलगी आधीच कामाला लागली होती. तिला समारंभ सजवायचं कंत्राट होतं. टेबलाच्या सहाही पॉकेटांत तिनं डांबरगोळ्या भरल्या होत्या, कसर लागू नये म्हणून. लाल बॉल टेबलाच्या मधोमध हृदयाच्या आकारात मांडले होते. काळा बॉल सुरुवातीच्या टोकाला आणि पांढरा काळ्याच्या जागी.

"पोरी, काळा तिकडं नसतो गं."

"सर, फोटोत पांढरा या बाजूला उठून दिसतो. आणि घाबरू नका, हलणार नाहीत. रविवारी सकाळी आम्ही सगळे चिकटवणार आहोत."

"कशाला चिकटवणार?"

"टेबलाला."

अडतीस मार्क मिळालेल्या मुलाच्या बापासारखे एकनाथराव खुर्चीवर बसले. चाळीस वर्षं ज्या कापडावरून उलटा हात फिरू दिला नाही, त्याच्यावर ही बया डिंक ओतणार. आणि हे सगळं कशामुळं? तर त्यांनी स्वतः टेबल वाचवलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते सौरभकडे गेले आणि आयुष्यातलं सगळ्यांत अवघड वाक्य बोलले.

"साहेब, ती गोष्ट खोटी हाय. मी रचलेली."

सौरभ प्रेमळ हसले. "एकनाथराव, वय किती झालं तुमचं?"

"एकसष्ट."

"होतं असं कधीकधी. माझ्या बाबांनासुद्धा होतं."

"साहेब, बाबांचं ऱ्हाऊ द्या. चला माझ्यासंगं."

आणि मोहसिन बाग क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा सेक्रेटरी बिलियर्ड्सच्या टेबलाखाली शिरले. पुढे एकनाथराव टॉर्च घेऊन, मागे सौरभ रांगत. वरच्या चौकटीला पितळी पट्टी होती.

"वाचा."

"कलकत्ता… एकोणीसशे चौतीस."

"पाटीवर काय लिवलंय?"

"अठराशे एक्क्याऐंशी."

"म्हंजे टेबल जन्माच्या त्रेपन्न वर्षं आधी इथं येऊन काळा बॉल ठिवून गेलं?"

सौरभ विचार करत होते. ते हुशार होते, आणि हुशार माणसाला पुरावा दिला की तो त्यालाही कामाला लावतो.

"ही पट्टी दुरुस्तीची असणार," ते म्हणाले. "चौतीस साली कलकत्त्याला दुरुस्तीला गेलं असेल."

"बारा फुटी टेबल? लंगड्या घोड्यावर?"

"तुम्ही भावनिक होताय. हे बघा, एका मार्करच्या सांगण्यावरून इतिहास बदलता येत नाही."

"पण तो एका मार्करच्या सांगण्यावरूनच झाला ना साहेब!"

तेवढ्यात पल्लवीचा चेहरा उलटा होऊन टेबलाच्या कडेखाली आला. "सर, दोघं खाली काय करताय? मला झालर लावायचीय."

"संगमरवर आलाय," सौरभ रांगत बाहेर पडताना म्हणाले. "अक्षरं खोदून झालीत. पाहुण्यांची तारीख मिळालीय. आता खरं-खोटं करून काय मिळणार?"

अक्षरं एकदा दगडात गेली की मग खरेपणानं कागदावरच समाधान मानावं, हे सौरभचं म्हणणं काही अगदीच नवीन नव्हतं.

घरी गंगूबाई भाकरी थापत होत्या. एकनाथरावांनी सगळं सांगितलं. शेरवानीपर्यंत गंगूबाईंचा चेहरा खुलत गेला. पुढं तो बंद झाला.

"फेटा देत होते आन् तुम्ही नक्को म्हणून आलात?"

"फेट्याचं नाही गं. टेबलाचं."

"लाकूड हाय ते."

"दगड बी हाय. पाच लाद्या."

"मग तर अजूनच काय बिघडतंय त्याचं?" गंगूबाईंनी भाकरी उलटली. "मला एक सांगा, खेळलं नाही तर काय होतंय? मरतंय का?"

एकनाथरावांनी परातीतलं पीठ बोटानं सारखं केलं. मग हळूच म्हणाले, "बॉल बॉलला लागतो तेवा एक आवाज येतो. टक्. चाळीस वर्षं ऐकतोय. पाचाला तो आला नाही तर मला दिवस झाल्यासारखा वाटत नाही. फेटा बांधून मी मढ्याशेजारी उभा राहू काय, लोकांना सांगत, की हे लई चांगलं हुतं?"

गंगूबाई थांबल्या. नवऱ्याच्या तोंडून एका वेळेला इतकी वाक्यं त्यांनी ऐकली नव्हती.

"खरं सांगून बघितलं?"

"बघितलं. टेबलाखाली नेऊन दावलं."

"मग आता कशाला परेशान होताय? खऱ्यानं होत नाही म्हणल्यावर संपलं." त्यांनी तव्यावर दुसरी भाकरी टाकली. "आपल्या गावच्या म्हसोबाला रोज दहीभात लागतो का नाही?"

"लागतो."

"म्हसोबानं सांगितलं होतं?"

"नाही. गुरवानं सांगितलं."

"गुरवाला कुणी पुरावा मागितला?"

एकनाथराव बायकोकडे बघत राहिले. तव्यावरची भाकरी टम्म फुगली आणि करपायला लागली.

शनिवारी कमिटीची बैठक होती. दोर लागला होता, काचेचं माप झालं होतं, पल्लवीच्या हातात डिंकाचा डबा होता. एकनाथराव टोपी हातात घेऊन दारात उभे राहिले.

"साहेब, काल मी चुकीचं बोललो. वयामुळं. सगळं खरं हाय."

"बघा, मी म्हटलं होतं," सौरभ बाकीच्यांना म्हणाले.

"फकस्त एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं. गोऱ्या अधिकाऱ्याची अट."

"अट?"

"जाताना त्यानं मार्करला बोलावलं. म्हणाला, या टेबलावर काळा बॉल मी ठेवलाय. रोज दिवस मावळायच्या आत यावर एक डाव झाला पाहिजे. एक दिवस जरी टेबल थंड राहिलं तर पहिलेपणाचा मान उटीला जाईल."

पल्लवीनं डिंकाचा डबा खाली ठेवला.

"हे… हे आधी का सांगितलं नाहीत?" सौरभचा आवाज बदलला होता.

"कामून सांगायचं? डाव रोज होतच हुता की."

"याचा संदर्भ काय?" कमिटीतले विक्रम नावाचे वकील म्हणाले. वकिलांना विचारायची सवय असते.

"माझ्या आधीचे मार्कर सांगायचे."

"मग ठीक आहे," वकील म्हणाले.

पुढच्या दहा मिनिटांत कमिटीनं जे केलं ते सत्यासाठी तिनं दहा वर्षांत केलं नसतं. काच रद्द. दोराला आकडा, म्हणजे उघडता येईल. डिंक परत. सौरभ उभे राहून बोलायला लागले, "ही तर जिवंत परंपरा आहे! काचेत काय, काचेत कुणीही ठेवतं!" संगमरवराच्या खाली जागा उरली होती, तिथं आणखी एक ओळ खोदायचं ठरलं. आणि अट पवित्र असल्यामुळं ती पाळण्याचा मान कुणा ऐऱ्यागैऱ्याला नको, म्हणून रोजचा डाव कमिटीच्या सदस्यांनीच खेळायचा, आळीपाळीनं, असाही ठराव झाला. वकिलांना उटीबद्दल फार राग आला होता.

एका गोष्टीचा विचार कुणीच केला नव्हता. कमिटीतल्या अकरापैकी नऊ जणांनी क्यू कधी हातात धरला नव्हता.

रविवारी अनावरण झालं. एकनाथराव शेरवानीत होते. गंगूबाईंनी फेट्याचा फोटो काढून गावाकडं, योगिनीला आणि बँकेतल्या काकांना पाठवला. पाहुण्यांनी पाटी वाचली, टेबलाकडे हात जोडले, आणि एका वृत्तवाहिनीच्या मुलीनं विचारलं, "आजोबा, हे सगळं खरं आहे ना?"

"पाटीवर लिवलंय की," एकनाथराव म्हणाले.

सोमवारचा डाव वकिलांनी खेळला. तासाभरात त्यांनी एकूण सात गुण केले आणि त्यातले चार समोरच्याच्या चुकीचे. मंगळवारी खजिनदारांनी पांढरा बॉल खिडकीतून पोर्चमध्ये पाठवला; तो माळ्यानं आणून दिला. जुने दोन इंजिनियर खुर्च्या ओढून बघायला बसले. एरवी क्लबात न येणाऱ्या सदस्यांच्या बायका यायला लागल्या, कारण टीव्हीवर एवढं करमणुकीचं काही नव्हतं. एकनाथराव शेरवानीच्या बाह्या दुमडून गुण पुकारत होते, खणखणीत, "विक्रमसाहेब, अजून शून्यच!"

बुधवारी सौरभची पाळी होती. त्यांनी फोनवर चार व्हिडिओ बघून तयारी केली होती. डावा हात टेबलावर कोळ्यासारखा पसरला, क्यू मागे ओढला, एक डोळा मिटला.

"हल्लू, साहेब. टोक वर. वर."

"मला कळतंय, एकनाथराव."

क्यू सुटला. बॉलला तो लागलाच नाही. कापडाला लागला आणि आत शिरला. हिरवं कापड फाटल्याचा असा आवाज येतो, जसा लग्नात तंग विजारीत कुणीतरी बसताना येतो. सगळी खोली उभी राहिली. कापडाला आता इंग्रजी एल आकाराचं, चांगलं तीन बोटं भोक होतं आणि त्यातून लादीचा काळा दगड दिसत होता.

सौरभ पांढरेफटक पडले. क्यू हातातून खाली ठेवायचंही त्यांना सुचेना.

"एकनाथराव… हेरिटेज…"

एकनाथराव वाकले. जखमेवरून त्यांनी बोट फिरवलं, लवेच्या दिशेनं. सगळ्यांना वाटलं, म्हातारा रडणार. पण त्यांनी शेरवानीचं वरचं बटण काढलं, खिशातून मोजपट्टी काढली आणि तिचं एक टोक सेक्रेटरींच्या हातात दिलं.

"घाबरू नका साहेब. खेळलं की फाटतंय. धरा घट्ट, नवं कापड मागवायचं तर माप पायजे." मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "आन् ते भोक सोडून त्या बाजूनं मारा. सूर्य मावळायला अजून वीस मिनिटं हायेत."